काका हल्ली एकदम गप्प असतात आणि घरात लायसनची बंदूक आहे, काय करू?

आधी बंदूक लांब करा, बाकीचं नंतर. आपल्या बेळगाव-खानापूर साईडला डुक्कर-गव्यांपासून पीक राखायला बऱ्याच घरांत ती असतेच, म्हणून काकांना हिसकावून घेतल्यासारखं वाटू देऊ नका, इलेक्शनला जमा करतो तशी थोडे दिवस पोलीस स्टेशनात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं ठेवूया म्हणा, तोवर काडतुसं वेगळ्या कुलपात आणि किल्ली काकूंकडं. जीव द्यायचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, पण बंदूक हाताशी असली की तेवढा वेळच मिळत नाही हो. आणि सरळ विचारा, "काका, जीव नकोसा झालाय काय?" विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, नंबर १४४१६, चोवीस तास फ्री आहे, कन्नडसारखं मराठीतपण बोलतात, काका तयार नसले तर तुम्हीच आधी लावा.