वाचक विचारतात : दोन घरांच्या प्रार्थना एका ट्रॅकमध्ये कशा बसवायच्या?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण मिळून एक मल्टिमीडिया काम करतोय, आवाज माझ्याकडे, व्हिडिओ तिच्याकडे. विषय म्हणजे लहानपणी घरातून मिळालेला धर्म, तोही संगीतातून. आमच्याकडे वाद्यांशिवाय प्रार्थना व्हायचीच नाही, तिच्या पंथात प्रार्थनेला वाद्य चालतच नाही, नुसता गळा. दोन्ही मिसळून ट्रॅक केला पण तो जाहिरातीसारखा गोग्गोड वाटतोय. काय करावं?

उत्तर : वाटणारच हो. दोन्ही आवाज एका पट्टीत आणले आणि खाली कीबोर्डचा पॅड, म्हणजे सतत भरून राहणारा लांब सूर, सोडला की कुठल्याही दोन धर्मांचं हेच होतं, शिवाय तिच्या गळ्याखाली तुमचं वाद्य वाजलं तिथेच कोणाच्या घराचा नियम चालला ते ठरून गेलं ना! तुमच्या दोघांतला खरा मुद्दा तोच, आणि मिक्समध्ये नेमका तोच पुसला गेला.

संगीतकार स्टीव्ह राइश आणि त्याची बायको बेरिल कोरॉट, ती व्हिडिओ आर्टिस्ट, म्हणजे तुमच्यासारखीच वाटणी. त्यांचं 'द केव्ह' हे काम १९९३ साली रंगमंचावर आलं. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनची ती गुहा जिथे अब्राहमचं, म्हणजे दोघांच्याही आद्य पूर्वजाचं, दफन झालं असं ज्यू आणि मुसलमान दोघंही मानतात, तो विषय. त्यांनी इस्रायली, पॅलेस्टिनी आणि अमेरिकन लोकांना तेच ते प्रश्न विचारले, अब्राहम कोण, त्याची बायको सारा कोण, दासी हागार कोण, हागारचा मुलगा इश्माएल कोण, साराचा मुलगा इसहाक कोण, आणि लोक जे बोलले त्या बोलण्याचेच चढउतार टिपून वाद्यांना दिले, पाच मोठ्या पडद्यांवर बोलणारे चेहरे. माणूस बदलला की बोलण्याची लय बदलते, मग संगीताचीही बदलते. तिन्ही गटांची उत्तरं तीन वेगळ्या अंकांत येतात, कोणाचं कोणाशी जुळवायची घाई नाही. मला तरी त्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

तुम्हीही गाणं जरा बाजूला ठेवा आणि दोघंही एकसारख्याच प्रश्नांची उत्तरं रेकॉर्ड करा, पण वेगवेगळ्या खोलीत, नाहीतर एकाचं ऐकून दुसरा भिडेपोटी गुळमुळीत बोलतो. प्रश्न साधे ठेवा : प्रार्थनेत सूर चुकला की कोण डोळे वटारायचं? घरात कुठलं गाणं लावायची बंदी होती? देव मानणं सुटलं असेल तर गुणगुणणंही सुटलं का? यातलं शेवटचं उत्तर बहुतेक लांबतं, मध्ये कापू नका.

मिक्सचं काम तर ऐकणाऱ्यावरच सोडा. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ, तिने २००१ मध्ये चाळीस आवाजांसाठी रचलेल्या सोळाव्या शतकातल्या एका चर्चगीताचे आवाज चाळीस स्पीकरवर वेगवेगळे ठेवले, जवळ गेलं की एकाच माणसाचा आवाज, मधे उभं राहिलं की सगळे. तुम्हाला दोनचार स्पीकर पुरतील. वाद्यं फक्त तुमच्या बाजूला, तिच्या बाजूला गळा आणि मधली शांतता, ऐकणारा चालत फिरेल तसं त्याचं त्याचं मिश्रण होईल. आणि हो, ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, बंद करा प्लीज, कितीतरी पठणांचे सूर कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतात, ते ओढून जवळच्या पट्टीवर बसवले की त्या घराचा वासच जातो.

प्रश्न : धर्मग्रंथाच्या पठणाचं रेकॉर्डिंग लूप करून त्यावर बीट टाकली तर चालेल का?

उत्तर : टेक्निकली काहीच अडचण नाही, पण पठण करणारा त्याला संगीत समजतो का ते आधी विचारा. कुराणाच्या तिलावतीत, म्हणजे पठणात, अरबी मकामांचे (आपल्या रागांसारखे) सूर स्पष्ट ऐकू येतात तरी परंपरेत ते गाणं धरत नाहीत, मग खाली ड्रम आला की लोक दुखावतात. लूपमध्ये ओळ अर्धवट तुटली तर अर्थही भलताच होतो. त्यापेक्षा पठण करणाऱ्याला ते कोणी, कसं शिकवलं, हे त्याच्याकडूनच बोलून घ्या आणि बीट त्या बोलण्यावर टाका. आवाज घरातल्या वडीलधाऱ्यांचा असला तर तयार ट्रॅक आधी त्यांना ऐकवा, नाही म्हणाले तर तो तुकडा काढा.