वाचकांचे प्रश्न : समुद्राची बोट आणि धरणाचे पाणी

प्रश्न : आमचे गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी आहे. माझा भाचा अमेरिकेत फ्लोरिडाला असतो. तेथील ‘सेंटर कन्सोल’ बोटींची छायाचित्रे तो पाठवतो आणि “मामा, गळाने मासे धरण्याची हौस असलेल्या पाहुण्यांसाठी अशीच बोट घ्या, पैसे मी घालतो,” असा त्याचा आग्रह आहे. या बोटीचे एवढे कौतुक कशासाठी? आमच्या पाण्यावर ती घ्यावी, केबिनची घ्यावी, की सपाट बुडाची?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : भाच्याचे कौतुक अस्थानी नाही. या बोटीत सुकाणूचे चाक आणि इंजिनाची कळ बोटीच्या मधोमध, छातीइतक्या उंचीच्या एका खोक्यावर, म्हणजे ‘कन्सोल’वर, बसवलेली असते आणि त्याच्या चारही बाजूंनी माणसाला चालता येते. गळाला लागलेला मोठा मासा एका जागी थांबत नाही. तो बोटीखालून पलीकडे जातो, पुढच्या टोकाला वळसा घालतो, आणि काठी धरलेल्या माणसाला त्याच्यामागे अडथळ्याशिवाय फिरता आले नाही तर दोरा कशाला तरी घासून तुटतो. केबिनच्या बोटीत पुढे जायला बाजूची अरुंद पट्टी तेवढी असते, शिवाय तिची जवळजवळ अर्धी लांबी वर्षातून मोजक्या रात्री वापरायच्या बिछान्यासाठी खर्ची पडते. सेंटर कन्सोलमध्ये तीच जागा मासेमारीला मिळते, चालवणारा उभा राहून चहूकडे पाहू शकतो, आणि पायाखालची फळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच असल्यामुळे आत आलेली लाट भोकांवाटे आपोआप निघून जाते.

मात्र या बोटीचा खरा गुण तिच्या बुडात आहे, आणि तुमची अडचणही तेथेच सुरू होते. समुद्रावरच्या अशा बहुतेक बोटींचे बूड खोल ‘व्ही’ आकाराचे असते. मागच्या टोकालाही त्याचा उतार साधारण 20 ते 24 अंशांचा असतो. रे हंट या अमेरिकी रचनाकाराच्या अशा बुडाच्या बोटीने 1960 मध्ये मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि त्यानंतर हा आकार सर्वत्र रुजला. हे बूड लाट कापत जाते, त्यामुळे वेगातही हादरे कमी बसतात; पण त्याला पाणी अधिक खोल लागते, इंजिन मोठे लागते आणि उभी असताना बोट अधिक डुलते. 20-22 फुटी बोटीला 150 ते 200 अश्वशक्तीचे इंजिन सर्रास लावतात, आणि इंजिनासह तिचे वजन टन-दीड टनाच्या घरात जाते. ती पाण्यात उतरवायला पक्का उतार, ट्रेलर आणि ती ओढणारी गाडी, असे सगळेच लागते.

आता तुमचे पाणी पाहा. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मधली. पाणी चढले तशी शेते, झाडे आणि घरेही त्याखाली गेली. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठाकडच्या भागात झाडांची खोडे पाण्याच्या जेमतेम खाली राहतात, आणि त्याच भागात ढीवर बांधवांची जाळी पसरलेली असतात. दीडशे अश्वशक्तीचा पंखा खोडावर आपटला तर खर्च तुमचा, पण जाळ्यात गेला तर नुकसान अशा माणसाचे, ज्याची त्या दिवसाची रोजी त्या जाळ्यावर आहे. वेगात लांबवर जाण्याची गरजच नसेल, तर त्या वेगासाठी घडवलेल्या बुडाचे पैसे का मोजावेत?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : 14 ते 16 फुटांची, सपाट बुडाची, ॲल्युमिनियमची बोट घ्या. ती वीतभर पाण्यातही तरते, 10 ते 20 अश्वशक्तीच्या इंजिनावर चालते, आणि रिकामी असेल तर चार माणसे तिला ओढून काठावर घेऊ शकतात. भाच्याचे मन राखायचे असेल तर तिच्यात मधोमध लहान कन्सोल बसवून घेता येतो. मात्र एवढ्या लहान बोटीत तो पाहुण्यांचीच जागा खातो, त्यामुळे इंजिनाच्या दांड्याने चालवणे मला अधिक पसंत आहे. सपाट बूड लाटेवर आपटते, हा तिचा दोष खरा आहे, आणि मे महिन्यातले वादळी वारे सुटताना तिला पाण्यावर ठेवूच नये. केबिनचा विचार तर सोडूनच द्या. भंडाऱ्याच्या उन्हात ती भट्टी होईल. वर कापडी छत पुरे.

पैसे देण्यापूर्वी दोन कामे करा. जलाशयातील मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल, तिच्याशी आधी बोला. इंजिनाच्या नौकेची तपासणी आणि नोंदणी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते, तेव्हा तीही आधीच विचारून घ्या.

प्रश्न : फायबरची बोट पाण्याने भरली तर बुडते, लाकडी डोंगा निदान तरंगतो, असे आमच्याकडचे जुने लोक म्हणतात. हे खरे का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : नुसत्या फायबरबाबत खरे आहे, ते पाण्याहून जड असते. म्हणून चांगल्या बोटीत फायबरच्या दोन थरांमध्ये हलका, घट्ट फेस (फोम) भरतात. ‘बोस्टन व्हेलर’ या 1958 पासूनच्या अमेरिकी बोटीच्या निर्मात्याने 1961 मध्ये आपली बोट पाण्यातच करवतीने दोन तुकडे करून दाखवली होती, आणि ते तुकडे तरंगतच राहिले. जुनी बोट घेताना मात्र वजन करून पाहावे. मूळ वजनापेक्षा ती बरीच जड भरली, तर फेसात पाणी मुरले आहे असे समजून सौदा सोडावा.