नवीन स्विमिंग पूल सुरू करायला कोणकोणती केमिकल लागतात? (लातूरजवळ शेतात, ६० हजार लिटर, बोअरचं पाणी)

दुकानदाराने तुम्हाला दिलेली नऊ वस्तूंची यादी वाचली. त्यातला धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराईड यांवर आधी काट मारा. पाणी मऊ असतं तिथे या गोष्टी लागतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या दगडातून येतं, त्यात क्षार मुळातच भरपूर. घरी त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला शिट्ट्यांवर शिट्ट्या लागत असतील आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरत असेल, तर तेच पाणी पुलात आहे. वरून सोडा विकत घेऊन टाकण्यात काय अर्थ?

मी अंबाजोगाईकडे शेतातला एक पूल सांभाळतो. पहिल्या वर्षी पूल भरला, पाणी नितळ दिसलं, म्हणून संध्याकाळी दोन किलो क्लोरीन एकदम ओतलं. सकाळी बघतो तर बिनदुधाचा चहा! बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह होतं, क्लोरीन लागताच त्याचा गंज झाला. मग तीन किलो तुरटी विरघळवून टाकली, मोटर रात्रभर बंद ठेवली आणि तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने बाहेर काढला. चार दिवस गेले त्यात. त्यामुळे आधी एक बादली पाण्यात चिमूटभर क्लोरीन टाकून रात्रभर ठेवा. तांबूस झालं, तर पुलातही तेच होणार.

पाणी तपासल्याशिवाय काहीच टाकू नका. थेंबांचा टेस्ट किट घ्या, त्यात पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचा आकडा) आणि क्लोरीनसोबत अल्कलिनिटीही (अ‍ॅसिड पचवायची पाण्याची ताकद) मोजता आली पाहिजे. पीएच ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवी. बोअरच्या पाण्याची ती सहज ३०० च्या वर निघते, आणि तुमचा खरा खर्च इथेच आहे: हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. ६० हजार लिटरमध्ये अल्कलिनिटी १० ने उतरवायला साधारण सव्वा लिटर लागतं (३० ते ३३ टक्क्यांचं). म्हणजे ३५० वरून १२० वर यायला २८-२९ लिटर. एका दिवसात नाही हं! रोज तीन-चार लिटर, मोटर चालू ठेवून, खोल बाजूला, सावकाश. पाणी आत सोडणारे नोझल वर वळवून ठेवा. पाणी खळखळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच फार पडत नाही. अ‍ॅसिड पातळ करायचंच असेल तर प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग अ‍ॅसिड. उलटं केलं तर तोंडावर उडतं. हातमोजे आणि चष्मा घालाच.

टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट नवं असल्यामुळे पहिले काही आठवडे पीएच आपोआप वर चढत राहील. घाबरू नका, रोज मोजा, थोडं अ‍ॅसिड द्या आणि भिंती ब्रशने घासा.

क्लोरीन यानंतर. सुरुवातीचा डोस १० पीपीएमचा, म्हणजे तुमच्या पुलाला ६०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन. टीसीसीए ९० (९० टक्के क्लोरीन देणारं ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड) घेतलंत तर साधारण ६७० ग्रॅम. साध्या ब्लिचिंग पावडरीत क्लोरीन जेमतेम तिसरा हिस्सा, बाकीचा चुना तळाशी बसतो. कडक पाण्यात तो कशाला वाढवायचा? क्लोरीन ३ च्या खाली आलं की पुलात उतरा, पुढे १ ते ३ च्या दरम्यान ठेवा.

आपल्या मे महिन्यातल्या उन्हात उघड्या पुलातलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. म्हणून सायन्युरिक अ‍ॅसिड (दुकानात ‘स्टॅबिलायझर’ म्हणून मिळतं) ३० पीपीएम, तुम्हाला १.८ किलो. ते लवकर विरघळत नाही. जुन्या मोज्यात भरून नोझलसमोर टांगा. टीसीसीएमध्येही हेच असतं, त्यामुळे रोज टीसीसीएच वापरलं तर काही आठवड्यांत सायन्युरिक अ‍ॅसिड ५० पीपीएमच्या वर जाईल. ते कमी करायचा साधा उपाय एकच, पाणी बदलणं. ज्या लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तिथे पूल उपसायचं तोंडाने बोलवत नाही. म्हणून ५० झालं की द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटवर (पातळ क्लोरीनवर) या. ते उन्हात ठेवलं की ताकद जाते, थोडं थोडं आणा.

एक गोष्ट कडक पाळा: टीसीसीए आणि ब्लिचिंग किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र करू नका, एकच मगही दोन्हींना वापरू नका. आग लागते, स्फोटही होतो. अ‍ॅसिड आणि क्लोरीन तर एका खोलीतसुद्धा नको.

यादीतला मोरचूद शेवाळावर चालतो, पण टाइल्सवर डाग पडतात. क्लोरीन नीट ठेवलं तर त्याची गरजच पडत नाही. बाकीच्या महागड्या बाटल्या सध्या राहू द्या.

अल्कलिनिटीचा आकडा आला की इथे टाका, अ‍ॅसिडचा हिशेब करून देतो.