सगळं खोलून बसतो, अभ्यास कधी करणार?

मुलाला आपल्या मनाने शिकू द्या म्हटलं की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग मार्कांचं काय? इचलकरंजीचं एक जोडपं तर माझ्याकडे थेट तक्रारच घेऊन आलं. मुलगा आठवीत, घरचे यंत्रमाग. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील म्हणाले, "मॅडम, शाळेतनं आला की दप्तर टाकतो आणि मागाच्या शेडमध्ये जाऊन बसतो. माझा कॅल्क्युलेटर फोडला, हिच्या पर्सचं चुंबक काढलं. गणितात सहामाहीला काठावर पास. ह्याला वळण कसं लावायचं तेवढं सांगा."

पुढच्या वेळी मुलाला आणि त्या फोडलेल्या कॅल्क्युलेटरला, दोघांनाही घेऊन या, असं मी सांगितलं.

मुलगा पहिली दहा मिनिटं काही बोलला नाही. कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवल्यावर मात्र थांबेना. मागावर किती मीटर कापड निघालं ते उतरवून मोजेपर्यंत कळत नाही, हे त्याला खटकत होतं. साध्या कॅल्क्युलेटरवर एखादी संख्या मिळवून बरोबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं की तीच संख्या वाढत जाते, हे त्याला खेळता खेळता सापडलेलं. मग त्याने त्या बटणाला दोन वायरी जोडल्या आणि वायरींच्या टोकाला रीड स्विच लावला. रीड स्विच म्हणजे चुंबक जवळ आलं की आतल्या पत्त्या चिकटतात अशी काचेची बारीक नळी. चुंबक फिरत्या रोलरवर बसवलं. रोलरची एक फेरी झाली की एकदा बटण दाबलं जाणार, आणि परिघाइतका आकडा वाढणार.

"आला का बरोबर आकडा?" मी विचारलं.

"नाही. कापड जास्त निघायचं, आकडा कमी दाखवायचा."

कारण त्याचं त्यानेच शोधलं होतं. चुंबक कापड गुंडाळणाऱ्या रोलरवर होतं. कापड चढत जातं तसा रोल जाड होतो, परिघ वाढतो, पण कॅल्क्युलेटर पहिलाच परिघ धरून बसलेला. म्हणून त्याने चुंबक हलवून कापड पुढे ओढणाऱ्या खरखरीत रोलरवर नेलं. तो जाड होत नाही. आता नवीच अडचण: एका फेरीत कधी कधी दोनदा मोजणी. इथे तो अडकला होता.

याच मुलाला परिघावरच्या प्रश्नाचे सहामाहीत गुण मिळाले नव्हते. उत्तरपत्रिका मागवून पाहिली. उत्तर बरोबर होतं, पायरी एकही नव्हती. डोक्यात केलं आणि आकडा लिहिला. तपासणाऱ्या शिक्षकांना दोष देता येत नाही, त्यांच्यासमोर फक्त एक आकडा होता.

म्हणजे वळण लावण्यासारखं फारसं नव्हतंच. जे करतो ते कागदावर उतरवायची सवय नव्हती. पण वडिलांशी एकट्याने बोलल्यावर खरी भीती बाहेर आली. "मी जन्म मागात काढला. ह्याचे पण हात काळे झालेले बघितले की पोटात गोळा येतो. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होऊन बसेल." त्यांच्या लेखी पुस्तक म्हणजे शेडमधून बाहेर पडायची वाट, आणि पोरगं उलटं आत चाललेलं. या भीतीची चेष्टा करू नये. मी त्यांना फक्त पुढचा रस्ता सांगितला: दहावीनंतर 3 वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा असतो आणि तो झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. काळ्या हातांनाही त्या वाटेवर जागा असते.

मग तिघांनी मिळून नियम ठरवले. चालू मागाला हात लावायचा नाही; जोडाजोड माग बंद असताना आणि मोठं माणूस जवळ असतानाच. वीज बॅटरीचीच. आणि एक वही: काय करून पाहिलं, काय अपेक्षा होती, काय झालं, आता काय करणार. रोज अर्धं पान, शुद्धलेखनाची काळजी न करता. स्वतःहून शिकू देणं म्हणजे मोकाट सोडणं, असं बरेच पालक धरून चालतात. मोठ्यांना यात उलट जास्त काम असतं. रोज विचारावं लागतं, "आज कुठे अडलं?", आणि उत्तर माहीत असलं तरी गप्प बसावं लागतं.

आईचा प्रश्न वेगळा होता: मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ बघतो, तेही शिकणंच का? बघून झाल्यावर हाताने काही केलं का, आणि ते फसल्यावर पुन्हा काही शोधायला गेला का, हे पाहा. नुसतं बघणं आठवडाभर चाललं असेल तर ती करमणूक आहे. करमणुकीला ना नाही, पण तिला अभ्यास म्हणायचं कारण नाही.

त्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी वही दाखवली. त्यांनी एक तास मुलाला दिला आणि दुप्पट मोजणीचा प्रश्न वर्गापुढे ठेवला. एका मुलीने चुंबक नळीजवळून वेगवेगळ्या बाजूने फिरवून पाहिलं. नळीच्या लांबीच्या दिशेने नेलं की पत्त्या एकाच फेरीत पुन्हा पुन्हा चिकटत होत्या, नळीला आडवं नेलं की एकदाच. तिने कुठलंही पुस्तक उघडलं नव्हतं.

इथवर छान. पण वडील आता भलतेच खूश झाले आणि म्हणाले, "विज्ञान प्रदर्शनात नंबर आण, सायकल घेतो." पंधरा दिवसांत पोराने यंत्र कोपऱ्यात टाकलं आणि दुकानात मिळणारं दिव्यांचं तयार मॉडेल मागायला लागला. नंबर आणायचा तर चकचकीत हवं, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक देऊ, असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्मा वेळच चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. बक्षीस वाईट नसतं, आधी लावलेली अट वाईट. वडिलांनी सायकल दिवाळीला दिली, नंबराशी न जोडता. प्रदर्शनात मोजणीयंत्रच गेलं. नंबर ज्वालामुखीच्या मॉडेलला मिळाला. (दरवर्षी कुठे ना कुठे मिळतोच.)

वार्षिक परीक्षेत गणित बऱ्यापैकी सुधारलं, कारण पायऱ्या लिहिल्या. इतिहास आणि हिंदी आहेत तिथेच आहेत, आणि त्यासाठी त्याला रोज तासभर बसावं लागतं, आवड नसली तरी. तो कुरकुरतो. वडिलांनी मात्र दुसऱ्या मागासाठीही एक यंत्र मागितलंय, आणि त्याचा खर्च किती येईल ते त्याने आधी लिहून द्यावं अशी अट घातलीय. ही अट मला मान्य आहे.