समुद्री शेवाळाची शेती: आधी जागा बघा, मग तराफे बांधा

मालवण आणि देवगडकडच्या बचत गटांतल्या भगिनींचे आणि काही रापणकरांचे (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांचे) प्रश्न आले आहेत. कोणतं शेवाळ लावायचं, बांबूचा तरंगता तराफा बरा की जाळं, फांद्या पांढऱ्या का पडतात, अनुदान किती? सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

तामिळनाडूत मंडपमकडे कप्पाफायकस नावाचं शेवाळ लावतात. त्याचे व्हिडिओ पाहून बहुतेकांना तेच हवं आहे. ते झपाट्याने वाढतं आणि कॅराजीननसाठी (खाद्यपदार्थ दाट करणाऱ्या घटकासाठी) त्याला मागणी आहे, हे खरं. पण ही जात मूळची आपल्या समुद्रातली नाही आणि तुटलेल्या तुकड्यातूनही ती वाढते. मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ती प्रवाळावर पसरलेली आढळली आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहे. त्यामुळे अभयारण्यालगत कप्पाफायकस लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे ग्रॅसिलेरिया या देशी शेवाळाचा विचार करा, तोही वन विभागाला विचारल्यावरच. त्यापासून अगर, म्हणजे जेलीसारखा घट्ट करणारा पदार्थ, बनतं.

आता जागा. खाडीच्या तोंडाशी पाणी शांत असतं, म्हणून सगळे तिथेच बोट दाखवतात. पावसाळ्यात तिथे गोडं पाणी उतरतं, आणि खारटपणा घटला की कप्पाफायकस टिकत नाही. पाणी नितळ हवं, हलता प्रवाह हवा आणि मोठ्या ओहोटीलाही तराफ्याखाली किमान मीटरभर पाणी राहायला हवं. रापणीची आणि होड्यांची वाट अडवू नका, नाहीतर गावातच भांडण लागेल. बांबू आणण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जागेच्या परवानगीची चौकशी करा.

लागवड ऑक्टोबर सरता सरता करा आणि मे महिन्याच्या मध्याच्या आत सगळा माल बाहेर काढा. ४५ दिवसांचं एक पीक धरलं तर चार पिकं निघतात. पावसाळ्यात बियाणं, म्हणजे पुन्हा लावायचे शेवाळाचे तुकडे, कुठे ठेवणार, हे आजच ठरवा. ते दरवर्षी बाहेरून आणायचं तर खर्चाचं सगळं गणित बदलतं.

३ बाय ३ मीटरच्या तराफ्याला २० दोऱ्या लागतात. प्रत्येक दोरीवर १५० ग्रॅमचे २० तुकडे, म्हणजे ६० किलो बियाणं. पीक चांगलं आलं तर अडीचशे किलोच्या आसपास ओला माल मिळतो. त्यातलं ६० किलो पुढच्या लागवडीला ठेवा. वाळवल्यावर दहा किलोचा साधारण एक किलो होतो. व्यापाऱ्याशी बोलताना ओल्याचा भाव की सुक्याचा, हे आधी विचारून घ्या. लाटांचा मार असेल तिथे बांबू तग धरत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर अशा पाण्यासाठी नळीसारखं जाळं वापरतात. उघड्या समुद्रात तेच बरं.

फांदी मधेच पांढरी पडून मऊ झाली आणि बोटांत धरताच तुटली, तर तो ‘आइस-आइस’ रोग. पाणी तापलं, खारटपणा उतरला किंवा पाण्याची हालचाल थांबली की शेवाळ अशक्त होतं आणि मग जिवाणू त्याचा घास घेतात. यावर फवारणी नाही. समुद्रात औषध ओतायचं तर मुळीच नाही. पांढरा भाग काढून किनाऱ्यावर आणा, दोऱ्या थोड्या खोल उतरवा, आणि रोग पसरत असेल तर मुदतीआधीच काढणी करा. शेवाळावर धाग्यासारखी दुसरी वाढ दिसली तर दोरी झटकून स्वच्छ करा.

माल वाळूवर पसरू नका. वाळू चिकटली की भाव पडतो. बांबूच्या मांडवावर जाळं टाकून वाळवा आणि रात्री दव पडण्याआधी झाका.

अनुदान प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून आहे. त्यात एका तराफ्याचा खर्च १५०० रुपये धरला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मिळतात. आजच्या बांबू-दोरीच्या भावात १५०० रुपयांत तराफा बसत नाही, हे लक्षात ठेवून पहिल्या वर्षी पाच-दहा तराफ्यांवरच थांबा.

शेवटचा प्रश्न किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या शेवाळाचा. ते माडाच्या आळ्यात घालायला हरकत नाही. माडाला मिठाचं फारसं वावडं नसतं. भाजीच्या वाफ्यात मात्र पावसात धुऊन, कुजवूनच घाला.