वाचकांचे प्रश्न : कमांड लाइनवरून फ्लॉपी

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना इंग्रजी अक्षरे वापरा. ‘कॅपिटल’ असे सांगितलेले नसेल तर सगळी लहान लिपीतली. ‘डेव्ह’ म्हणजे डी-ई-व्ही आणि ‘एफडी०’मधले शेवटचे चिन्ह हा अंक शून्य आहे.)

प्रश्न : लिनक्सवर जुन्या फ्लॉपीवर ‘एमकेएफएस.व्हीफॅट’ चालवले की कधी दोन-तीन सेकंदांत काम होते, तर कधी ‘इनपुट/आउटपुट एरर’ येऊन थांबते. डॉसमध्ये ‘फॉरमॅट’ला दीड-दोन मिनिटे लागायची. मग इथे नेमके काय राहून जाते? – एक वाचक, पिंपरी

आखणी राहून जाते. डॉसची ‘फॉरमॅट’ कमांड दोन कामे एकाच दमात उरकायची: आधी कोऱ्या चकतीवर ट्रॅक आणि सेक्टर आखायचे, मग त्या आखणीवर फॅट फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची व्यवस्था, मांडायची. लिनक्सवर या दोन कामांच्या दोन वेगळ्या कमांड आहेत. ‘एमकेएफएस’ फक्त दुसरे काम करते. चकती आधीच नीट आखलेली असेल तर ती पटकन संपते, कारण तिला फार थोडे लिहायचे असते.

किती थोडे, ते पाहा. साडेतीन इंची एचडी (हाय डेन्सिटी) फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, दर ट्रॅकला ५१२ बाइटचे १८ सेक्टर; एकूण २८८० सेक्टर, म्हणजे १४,७४,५६० बाइट. (याला १.४४ एमबी म्हणताना १४४० ला एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने मोजले जाते. हिशेबाची ही भेसळ आता कोणी सुधारणार नाही.) फाइल सिस्टिमचा वाटा असा: बूट सेक्टर १, फॅटच्या (कोणती जागा कोणत्या फाइलची, हे सांगणाऱ्या तक्त्याच्या) दोन प्रती प्रत्येकी ९ सेक्टरच्या, आणि मूळ डिरेक्टरी १४ सेक्टरची. झाले ३३. उरलेले २८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट तुमच्या फाइलींना. एमकेएफएस लिहिते ते मुख्यतः या ३३ सेक्टरांवर.

म्हणून जुन्या फ्लॉपीसाठी क्रम असा ठेवा. मागच्या बाजूची सरकपट्टी ओढून भोक बंद करा. भोक उघडे असेल तर फ्लॉपीवर लिहिता येत नाही. फ्लॉपी माउंट झालेली (एखाद्या डिरेक्टरीला जोडलेली) नाही याची खात्री करा. मग:

एफडीफॉरमॅट /डेव्ह/एफडी०यू१४४०

इथे ‘यू१४४०’ मुद्दाम जोडले आहे. नुसत्या ‘एफडी०’ला ड्रायव्हर चकतीवरची आखणी वाचून आकार ओळखतो. आखणीच नसेल तर तो काय ओळखणार? मग ‘कुड नॉट डिटरमाइन करंट फॉरमॅट टाइप’ असा संदेश येतो. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ०.२ सेकंद. दोन्ही बाजूंचे १६० ट्रॅक आखायला नुसते फिरण्याचेच ३२ सेकंद जातात. हेड सरकणे आणि पडताळणी धरली की डॉसची ती दीड-दोन मिनिटे भरतात. पडताळणी टाळायचा ‘-एन’ हा पर्याय आहे, पण जुन्या फ्लॉपीवर तो वापरू नका. त्यानंतर:

एमकेएफएस.व्हीफॅट -सी -एन लेबल /डेव्ह/एफडी०

‘-एन’नंतर ११ अक्षरांपर्यंत नाव द्या, शक्यतो कॅपिटलमध्ये. (दोन्ही कमांडमध्ये ‘-एन’चा अर्थ वेगळा आहे, हे ध्यानात ठेवा.) ‘-सी’मुळे आधी सगळे सेक्टर वाचून पाहिले जातात आणि खराब निघालेल्यांची फॅटमध्ये नोंद होते, म्हणजे पुढे कोणती फाइल तिथे जात नाही. खराब सेक्टर त्या पहिल्या ३३ मध्येच असेल तर मात्र इलाज नाही. ‘बॅड ब्लॉक्स बिफोर डेटा-एरिया’ असे सांगून कमांड थांबते. डॉसमध्ये ‘ट्रॅक झीरो बॅड’ यायचे, त्यामागेही हेच कारण.

एक फ्लॉपी अडली तर ती फ्लॉपी खराब. ओळीने तीन-चार अडल्या तर ड्राइव्हचे हेड आधी साफ करा. पावसाळ्यात पडून राहिलेल्या फ्लॉपीचे पत्र्याचे झाकण सरकवून चकती उजेडात तिरकी धरा. पांढरट बुरशीचे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पाडते.

प्रश्न : माझा ड्राइव्ह यूएसबीचा आहे. ‘/डेव्ह/एफडी०’ सापडतच नाही. – एक वाचक, नाशिक

सापडणार नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लिनक्सला डिस्कसारखा दिसतो, म्हणून नाव मिळते ‘/डेव्ह/एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ असे. फ्लॉपी आत घालून ‘एलएसबीएलके’ चालवा आणि १.४ एम आकाराची ओळ शोधा. ही पायरी गाळू नका. एक अक्षर चुकले तर तुमची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह पुसला जाईल, आणि रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून काम करत असाल तर कोणी विचारणारही नाही.

‘एफडीफॉरमॅट’ इथे चालत नाही, कारण ते मदरबोर्डवरच्या फ्लॉपी कंट्रोलरशी बोलते. यूएसबीसाठी ‘यूएफआयफॉरमॅट’ हे वेगळे पॅकेज घ्या. ‘यूएफआयफॉरमॅट -आय /डेव्ह/एसडीबी’ हे आत घातलेल्या फ्लॉपीला ड्राइव्ह कोणते आकार देऊ शकतो ते दाखवते, आणि ‘यूएफआयफॉरमॅट -एफ १४४० /डेव्ह/एसडीबी’ आखणी करते. पुढे एमकेएफएस नेहमीसारखेच, फक्त ‘-आय’ कॅपिटलमध्ये जोडा. नाहीतर ‘पार्टिशन कुठे आहे?’ अशा अर्थाची कुरकुर होऊ शकते. फ्लॉपीला पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) नसतेच, तेव्हा तिच्यावर ते पाडणारे ‘एफडिस्क’ही चालवायचे नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनला ७२० केबीचीच फ्लॉपी लागते. बाजारात मिळतात त्या १.४४ च्या. त्यांवर ७२० ची फाइल सिस्टिम बनवली तर चालेल का? आणि बनवलेल्या फ्लॉपीत जागा असूनही २७ डिझाइननंतर ‘नो स्पेस’ येते, ते का? – एक वाचक, मालेगाव

पहिल्या भागाचे उत्तर: चालवून घेता येते, पण भरवशाचे नाही. एचडी फ्लॉपीला सरकपट्टीच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक असते. त्यावरूनच ड्राइव्ह तिला एचडी समजतो. ते दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने झाका. मग ड्राइव्ह तिला डीडी (डबल डेन्सिटी, म्हणजे ७२० केबीची) मानतो. अडचण चकतीच्या लेपात आहे. एचडीच्या लेपावर लिहायला जास्त जोराचे चुंबकीय क्षेत्र लागते आणि डीडी म्हणून ड्राइव्ह कमी जोराने लिहितो. आज वाचता आलेले डिझाइन काही महिन्यांनी वाचता येईलच असे नाही. म्हणून मूळ प्रत संगणकावर ठेवा, फ्लॉपी केवळ वाहतुकीपुरती. अस्सल डीडी फ्लॉपी मिळाली तर ती जपून वापरा.

आखणी अशी: एफडीफॉरमॅट /डेव्ह/एफडी०यू७२०. मग एमकेएफएस.व्हीफॅट /डेव्ह/एफडी०यू७२०. आकार पाहून एमकेएफएस बाकीचे स्वतःच ठरवते: ट्रॅकला ९ सेक्टर, दोन सेक्टरचा एक क्लस्टर (फाइलला जागा देण्याचे एकक), मूळ डिरेक्टरीत ११२ नोंदी. विंडोज एक्सपीवर करायचे असेल तर ‘फॉरमॅट ए: /टी:८० /एन:९’ असे द्या.

तुमच्या दुसऱ्या कोड्याचे मूळ त्या ११२ नोंदींत आहे. मूळ डिरेक्टरीची लांबी ठरलेली असते, ती वाढत नाही. आठ-अधिक-तीन अक्षरांच्या नावाला एक नोंद पुरते. नाव लांब असेल तर दर १३ अक्षरांमागे एक जादा नोंद खर्ची पडते. ‘साडी काठ मोर मोठा सुधारित’ अशा धर्तीचे, इंग्रजी लिपीत तीसेक अक्षरांचे नाव घेतले तर तीन जादा आणि एक मूळ, अशा चार नोंदी गेल्या. लेबल एक खाते. उरल्या १११, त्यांत अशा २७ फाइली बसतात. जागा शिल्लक, पण नाव लिहायला ओळ नाही! उपाय सोपा: माउंट करताना प्रकार व्हीफॅटऐवजी एमएसडॉस द्या,

माउंट -टी एमएसडॉस /डेव्ह/एफडी०यू७२० /एमएनटी

म्हणजे लांब नावे तयारच होणार नाहीत. इतक्या जुन्या मशीनला ती बहुधा वाचताही येत नाहीत, त्यामुळे तोटा काही नाही. सबडिरेक्टरीला ही मर्यादा नसते, पण तुमचे मशीन सबडिरेक्टरीत डोकावते का ते आधी तपासा.

प्रश्न : फ्लॉपीवर ईएक्सटी३ का होत नाही? – एक वाचक, मडगाव

ईएक्सटी३ ही लिनक्सची फाइल सिस्टिम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते. तिला लागते तेवढी जागा फ्लॉपीच्या १४४० ब्लॉकांत नाही. जर्नल नसलेली ईएक्सटी२ होते: ‘एमकेई२एफएस -एम ० /डेव्ह/एफडी०’. ‘-एम ०’ दिले नाही तर ५ टक्के म्हणजे ७२ ब्लॉक रूटसाठी अडवून ठेवले जातात. फ्लॉपीवर ते फुकट जातात. लिनक्सची मालकी-परवानग्या टिकवायच्या असतील तरच हा खटाटोप करा. फ्लॉपी दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर फॅटच बरे.

प्रश्न : फाइल कॉपी झाली, दिवा विझला, फ्लॉपी काढली, दुसरीकडे उघडली तर फाइल शून्य बाइटची. – एक वाचक, सोलापूर

कॉपी मेमरीत झाली होती, चकतीवर नव्हे. लिनक्स लिहायचे साठवून ठेवते आणि सवडीने उतरवते. पीसीच्या ड्राइव्हचे बटण निव्वळ यांत्रिक असल्यामुळे सिस्टिम तुम्हाला अडवूही शकत नाही. काढण्याआधी ‘यूमाउंट /एमएनटी’ द्या (स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही, थेट ‘एम’) आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा. ‘बिझी’ म्हटले तर एखादे टर्मिनल अजून त्याच डिरेक्टरीत उभे असते. ‘सीडी’ करून बाहेर या. हे रोज विसरत असाल तर ‘एमटूल्स’ हा कमांडचा संच वापरा: ‘एमफॉरमॅट ए:’ आणि ‘एमकॉपी फाइल ए:’. यात माउंटच करावे लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे ड्राइव्हच नाही, पण सराव करायचा आहे. – एक विद्यार्थिनी, लातूर

‘एमकेएफएस.व्हीफॅट -सी सराव.इमेज १४४०’ द्या. इथे ‘सी’ कॅपिटल, म्हणजे फाइल नव्याने तयार होते. फाइलचे नाव इंग्रजीत हवे ते ठेवा. मग रूट म्हणून ‘माउंट -ओ लूप’ने ती जोडा किंवा ‘एमकॉपी -आय सराव.इमेज फाइल ::’ने तिच्यात भरा. पुढे कधी ड्राइव्ह मिळाला तर आखलेल्या फ्लॉपीवर ‘डीडी आयएफ=सराव.इमेज ओएफ=/डेव्ह/एफडी० बीएस=१८के’ने ती जशीच्या तशी उतरते. १८ के म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून एक ट्रॅक, म्हणून ८० घासांत काम होते.