वाचक विचारतात: रापणीतला नारिंगी गोळा

प्रश्न: रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) भोकाभोकांचा नारिंगी गोळा आला. वनस्पती की प्राणी? परत टाकला तर जगेल? (एक वाचक, मालवण)

उत्तर: प्राणीच, स्पंज! तोंड नाही, पोट नाही. बारीक छिद्रांतून पाणी ओढतो, त्यातले जिवाणू गाळून खातो, मोठ्या भोकांतून पाणी सोडतो. खडकावरून सुटून वर आला की नळ्यांत हवा अडकते. मग जगणं कठीणच. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारली, तेव्हा अशाच एका स्पंजाच्या भोकांतून इवल्या खेकड्याचे डोळे माझ्यावर रोखलेले दिसले. ट्रॉलची जाळी तळ खरवडते तेव्हा हे भाडेकरूही बेघर होतात. आणि हो, अंग घासायला नेऊ नका. बऱ्याच स्पंजांत काचेसारखे सूक्ष्म काटे असतात. मी एकदा उघड्या हाताने उचलला, दोन दिवस खाजवत बसलो.